मास्रेशाचं दुसरं नाव

मास्रेशा गेला, आणि अब्बा लिसानू मला म्हणाले,
दीकन, जा. नाव घेऊन ये.

नाव तर सगळ्या काठाला ठाऊक होतं.
चाळीस वर्षं ताना सरोवरावर लव्हाळ्याची होडी हाकणारा,
लिंबं, सरपण, नवऱ्या मुली, एकदा एक गाढव
झेगेहून बेटांवर पोचवणारा मास्रेशा.
त्याच्या आधीचा मुलगा दगावला होता,
म्हणून आईने याचं नाव ठेवलं 'विसर पाडणारा'.
तिला तो पडला नाही, असं म्हणतात.

पण ते नाव इथलं. बाजाराचं, उधारीचं.
वरच्या दारात ते चालत नाही.
मुलगा चाळीस दिवसांचा झाला की
धर्मगुरू त्याला पाण्यात बुडवून दुसरं नाव देतात,
गळ्यात दोरा बांधतात,
आणि घरचे ते नाव झाकून ठेवतात
विरजणाचं भांडं झाकावं तसं,
कुणाची नजर नको, कुणाची करणी नको.
मग ते थेट मरणालाच लागतं.

घरोघर फिरलो.
बायको आधीच गेलेली. मुलगा गोंदरला, ट्रक चालवतो;
फोनवर म्हणाला, "बाबांनी कधी सांगितलं नाही,
आणि मीही कधी..." मग रेंज गेली.
धर्मपित्याची नुसती कबर सापडली.
गळ्यात दोरा होता, निळा, पाण्याने पांढरा पडलेला.
दोऱ्यालाही विचारून पाहिलं. हसू नका.

रात्री दिव्यापाशी शास्त्रातली नावं आठवत बसलो.
पहिल्या माणसाला बागेत पहिलं काम मिळालं
नावं ठेवण्याचं;
तो धंदा आपण अजून सोडलेला नाही.
नदीच्या उतारावर रात्रभर झुंजला एकजण,
त्याला उजाडता नवं नाव मिळालं, आणि जन्माचं लंगडणं.
रानात हाकललेल्या दासीने तर
देवालाच नाव ठेवलं:
मला पाहणारा.
जळत्या झुडपाला नाव विचारलं
तेव्हा त्याने नुसतं क्रियापद सांगितलं.
आणि शेजारच्या क्रुसावरचा तो चोर.
त्याचं नाव कुणी लिहून घेतलं नाही,
तरी आत पहिला तोच गेला.

सकाळी चोराचं अब्बांना सांगितलं.
ते म्हणाले, त्याला धन्याने स्वतः पाहिलं होतं.
मला यादी लागते.

पुरताना ते पुटपुटले, "तुझा सेवक..."
आणि तिथे जागा सोडली,
एका नावाएवढी.
ती जागा मला चपलेतल्या खड्यासारखी
पुढे कित्येक दिवस टोचत राहिली.

चाळिसाव्याच्या पंगती बसल्या होत्या
तेव्हा डेक बेटावरून येशिहारेग आली,
वाकलेली, पाय ओले, होडीवाल्याशी भाडणं चालूच.
म्हणाली, नव्या पोराने दुप्पट घेतले. मास्रेशा घेत नसे.
मग म्हणाली, आम्ही एकाच दिवशी पाण्यात गेलो,
तो चाळीस दिवसांचा, मी ऐंशीची.
आई सांगायची, तुझं नाव घेतलं तेव्हा तू किंचाळलीस,
त्याचं घेतलं तेव्हा तो हसला.
म्हणून राहिलं लक्षात.
तिने माझी मान खाली ओढली
आणि कानात सांगितलं.
तिच्या तोंडाला कांद्याचा वास होता.

ते माझंच होतं.
माझी आई गेल्यापासून कुणी न उच्चारलेलं.

आत, धुपाच्या धुरात, अब्बांनी कानाला हात लावला.
त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्याने, म्हणाले.
मी मोठ्याने म्हणालो.
आवाज माझा होता,
हाक कुणाला होती, कळेना;
ओ द्यायला जीभ उचलली गेली, मी ती आवरली.

अब्बांनी डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं,
मला पाण्यात त्यांनीच बुडवलं होतं,
आणि "तुझा सेवक" म्हणून
पुढे वाचत गेले.